फुकट पाहिलेल्या सिनेमाचा हिशेब

ईवाय ही सल्लागार कंपनी आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांनी 2024 साली मिळून एक अहवाल काढला. त्याचे नाव 'द रॉब रिपोर्ट'. भारतातल्या पायरसीची बाजारपेठ 2023 मध्ये 22,400 कोटी रुपयांची होती, असे त्यात म्हटले होते. त्यातले 13,700 कोटी चित्रपटगृहांतून उचललेल्या सिनेमांचे आणि 8,700 कोटी ओटीटीवरच्या मालाचे. बातम्यांत हा आकडा कुठे 'उलाढाल' म्हणून छापून आला, तर कुठे सरळ 'नुकसान' म्हणून.

आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. ऑरमॅक्स मीडियाच्या हिशेबाप्रमाणे त्याच 2023 मध्ये देशभरच्या तिकीटबारीचा एकूण गल्ला 12,226 कोटी रुपये होता. 'पठाण', 'जवान', 'गदर 2' आणि 'अ‍ॅनिमल' ज्या वर्षी आले ते हे वर्ष, आणि तोवरचे सर्वांत मोठे. म्हणजे तिकीट काढून पाहिलेल्या सिनेमांपेक्षा चोरून पाहिलेल्या सिनेमांची किंमत जास्त भरली. हे सगळे नुकसानच धरायचे, तर पायरसी उद्या बंद झाल्यावर थिएटरांचा धंदा दुपटीच्या वर जाईल असे मानावे लागेल. मुंबईतला कुठलाही वितरक यावर हसेल. ज्या तालुक्याच्या गावात शेवटचे थिएटर पाडून मंगल कार्यालय उभे राहिले, तिथला पोरगा टेलिग्रामवरून सिनेमा उतरवून घेतो. तो तिकिटाचे दोनशे रुपये देणार होता की नाही, हा प्रश्न चोरट्या प्रती गुणिले तिकीट अशा गुणाकारात कुठेच बसत नाही.

फुगवलेल्या आकड्यांची ही परंपरा आपली नव्हे, अमेरिकेतून आलेली आहे. तिथल्या संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने एप्रिल 2010 मध्ये नकली माल आणि पायरसीबद्दलचे सरकारी आकडे कुठून आले याचा शोध घेतला. वर्षाला 200 ते 250 अब्ज डॉलरचे नुकसान, हा एफबीआयच्या नावाने वर्षानुवर्षे फिरणारा आकडा त्यात होता. त्याच्या मुळाशी कुठलाच अभ्यास सापडला नाही. हॉलिवूडच्या निर्मात्यांच्या संघटनेने 2005 च्या एका पाहणीच्या आधारे सांगितले होते की, देशांतर्गत नुकसानीतला 44 टक्के वाटा कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा आहे. त्या जोरावर विद्यापीठांवर कायदे लादण्याचा आग्रह चालला होता. जानेवारी 2008 मध्ये संघटनेने मान्य केले की आकडेमोडीत चूक झाली, खरा वाटा 15 टक्क्यांच्या आसपास आहे. गाणी फुकट वाटून घेण्याची सोय देणाऱ्या लाइमवायरवरच्या खटल्यात संगीत कंपन्यांनी मांडलेली नुकसानभरपाईची रीत शेवटपर्यंत नेली, तर रक्कम 75 लाख कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकत होती. त्या वेळी साऱ्या जगाचे वार्षिक उत्पन्न साधारण तेवढेच होते. न्यायाधीशांनी ती रीत हास्यास्पद ठरवली आणि 2011 मध्ये प्रकरण साडेदहा कोटी डॉलरवर मिटले.

असे आकडे वाचले की मनात लगेच उलटे टोक येते: कुणाचेच काही जात नाही, ही सगळी कंपन्यांची रडारड. माझ्या मते हेही तितकेच आळशी उत्तर आहे. प्रत केली म्हणजे मूळ वस्तू कमी झाली नाही, हे खरे; पण गिऱ्हाईक कमी झाले असेल. ते किती कमी झाले, हे मोजता येते. सोपे नाही, पण अर्थशास्त्रज्ञांनी त्यासाठी लढवलेल्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत.

अडचण अशी की, जे गाणे लोकांना आवडते ते विकले जास्त जाते आणि चोरलेही जास्त जाते. नुसते आकडे शेजारी मांडले तर चोरीमुळेच विक्री वाढते असे दिसेल. शिवाय सर्वांत जास्त फुकट उतरवणारा माणूस बहुधा सर्वांत जास्त विकतही घेतो, कारण तो मुळात वेडा रसिक असतो. तेव्हा चोरी वाढली, पण आवड मात्र वाढली नाही, असा एखादा प्रसंग शोधावा लागतो. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या दोघांना तो जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्यांत सापडला. 2002 च्या अखेरीस अमेरिकेतले लोक एकमेकांच्या संगणकांवरून गाणी उतरवत होते, आणि त्यातली बरीच गाणी जर्मन पोरांच्या संगणकांवर असत. जर्मनीत सुट्टी लागली की पोरे घरी, संगणक चालू, गाणी सहज मिळणार. पण जर्मन पोरांना सुट्टी लागल्यामुळे अमेरिकेतल्या कुणाला एखादा अल्बम जास्त आवडू लागेल, असे काही नाही. मग अशा आठवड्यांत अमेरिकी दुकानांतली विक्री घटते का? त्यांनी 680 अल्बम तपासले. 2007 मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त त्यांनी लिहिले की परिणाम शून्याहून वेगळा काढता येत नाही.

त्यावर मोठे वादळ उठले. स्टॅन लिबोविट्झ यांनी त्यांची आकडेमोड बारकाईने उकलली आणि संगीताच्या विक्रीतली जवळजवळ सगळी घट पायरसीनेच झाली असे उलट मत मांडले. पुढे या विषयावर जे अभ्यास झाले त्यातल्या बहुतेकांना थोडेफार नुकसान दिसले. मला त्यांतला राफेल रॉब आणि जोएल वॉल्डफोगेल यांचा 2006 चा अभ्यास सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी अमेरिकी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना अल्बमवार विचारले: कोणता विकत घेतला, कोणता उतरवला, आणि प्रत्येकाची तुमच्या लेखी किंमत किती? उत्तर असे की पाच अल्बम फुकट उतरवले तर एका अल्बमची विक्री बुडते. उरलेले चार अल्बम त्या मुलांनी एरवी घेतलेच नसते. ते त्यांना तितकेसे मोलाचे वाटतच नव्हते. 1999 ते 2003 या काळातल्या गाजलेल्या अल्बमांवरचा दरडोई खर्च यामुळे 126 डॉलरवरून 100 डॉलरवर आला. पण ऐकणाऱ्यांना मिळालेल्या जादा आनंदाचे मोल अर्थशास्त्रज्ञांच्या पद्धतीने काढले, तर ते दरडोई 70 डॉलर भरले. कंपनीचे 26 गेले, श्रोत्याला 70 मिळाले. हा हिशेब अस्वस्थ करणारा आहे, कारण तो दोन्ही पक्षांना सोयीचा नाही.

युरोपीय आयोगाने डच संस्थेकडून करून घेतलेल्या 307 पानी पाहणीची कथा तर राजकीय आहे. सहा देशांतल्या सुमारे 30,000 लोकांना विचारून 2015 मध्ये अहवाल तयार झाला, पण प्रसिद्ध झाला नाही. 2017 मध्ये युरोपीय संसदेच्या सदस्य युलिया रेडा यांनी माहितीच्या हक्काखाली अर्ज केल्यावर तो बाहेर आला. संगीत, पुस्तके, व्हिडिओ गेम यांत पायरसीने विक्री बुडाल्याचा ठोस पुरावा त्यात नव्हता. एक अपवाद होता: नुकतेच आलेले मोठे सिनेमे. असे दहा सिनेमे चोरून पाहिले गेले की अधिकृतपणे पाहिले जाणारे चार कमी होतात.

नुकतेच आलेले आणि मोठे, हे दोन शब्द इथे महत्त्वाचे आहेत. सिनेमाचा धंदा शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरतो. सोमवारी गल्ला घसरला की मंगळवारी खेळ कापले जातात आणि पुढच्या शुक्रवारी पडदाच जातो. त्यामुळे चोरटी प्रत कधी बाहेर येते, यावर सगळे अवलंबून. लिये मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले की प्रदर्शनाआधीच प्रत फुटली, तर प्रदर्शनानंतर फुटलेल्या सिनेमाच्या तुलनेत तिकीटबारीचा गल्ला 19 टक्क्यांनी घटतो. आपल्याकडे 'उडता पंजाब'ची प्रत 2016 च्या जूनमध्ये प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आली, तीही सेन्सॉरसाठीच्या प्रतीचा शिक्का पडद्यावर दिसत असताना. मुंबई उच्च न्यायालयात सेन्सॉर बोर्डाशी भांडून सिनेमा नुकताच सुटला होता, त्यामुळे निर्मात्यांवर हा दुसरा घाव.

त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस 'सैराट' आला. त्याच्याही चोरट्या प्रती मोबाइलवर फिरल्या, आणि तरी जगभरात शंभर कोटींच्या पुढे जाणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. पायरसीने काही बिघडत नाही असे सांगणारे लोक हे उदाहरण हमखास काढतात. त्यातून सिद्ध काहीच होत नाही. त्या प्रती नसत्या तर गल्ला किती झाला असता, हे कोण सांगणार? मात्र एक दिसते. लोक गावाहून टेम्पो करून 'सैराट' बघायला गेले, बायका गट करून 'बाईपण भारी देवा'ला गेल्या. थिएटरातला तो कल्ला मोबाइलच्या हलत्या, अंधाऱ्या प्रतीत मिळत नाही. जिथे सिनेमा पाहणे हा एक सोहळा होतो, तिथे चोरटी प्रत त्याची जागा घेत नाही.

लहान सिनेमांची गोष्ट आणखी वेगळी. मेगाअपलोड हे चोरट्या मालाचे प्रचंड कोठार अमेरिकी सरकारने जानेवारी 2012 मध्ये बंद केले. त्यानंतर तिकीटबारी वधारायला हवी होती. पॉइकर्ट, क्लाउसेन आणि क्रेचमर यांना आढळले की फायदा फक्त शेकडो पडद्यांवर लागणाऱ्या महासिनेमांना झाला. मध्यम आणि छोट्या सिनेमांना झाला नाही. उलट काहींचे उत्पन्न घटल्याच्या खुणा होत्या. त्यांचा अंदाज असा की फुकट पाहणारा माणूस चार जणांना सांगतो, आणि जाहिरातीला पैसे नसलेल्या सिनेमाला ते सांगणेच हवे असते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की म्हणजे श्रीमंतांचे थोडे जाते, गरिबांचे काहीच नाही, मग विषय संपला. इथेच मला आपल्या हिंदी सिनेमाचा जुना काळ महत्त्वाचा वाटतो. राहुल तेलंग आणि वॉल्डफोगेल यांनी 1985 ते 2000 या पंधरा वर्षांचा अभ्यास केला. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना तो काळ सांगायला नको: भाड्याने आणलेला व्हीसीआर, एका रात्रीत तीन सिनेमे, चाळीतली सगळी पोरे एका खोलीत, आणि नव्वदनंतर केबलवाला, जो शुक्रवारी लागलेला सिनेमा रविवारी रात्री आपल्या वायरीवरून दाखवायचा. निर्मात्याला यातले काही मिळत नसे. या काळात सिनेमांचे उत्पन्न तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने घटले, असे दोघांना आढळले. पुढचा निष्कर्ष जास्त गंभीर आहे. नव्या सिनेमांची संख्याही घटली आणि प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांवरून पाहिले तर त्यांचा दर्जाही घसरला.

व्हीसीआरच्या काळात घरोघर जे बघितले गेले त्याचे नुकसान त्या सिनेमांना झालेच, पण त्याहून मोठे नुकसान जे सिनेमे निघालेच नाहीत त्यांच्या रूपाने झाले. हे नुकसान कुठल्याही निर्मात्याच्या वहीत नसते. जो सिनेमा निघाला नाही त्याचा दिग्दर्शक तक्रार कुठे करणार? नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हिशेब मांडून बसलेल्या फायनान्सरने 'यंदा नको' म्हटले, एवढेच घडले. चोरीला शह देण्यासाठी राजश्री या निर्मितीसंस्थेने 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' काढताना सुरुवातीला मोजकीच थिएटरे घेतली आणि व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊच दिली नाही. मुंबईत लिबर्टी थिएटरला रांगा लागल्या. मध्यमवर्ग थिएटरात परत आला, असे तेव्हा लिहिले गेले. असे करणे मोठ्या घराण्यालाच परवडणारे होते.

मग संगीतात नव्या निर्मितीची अशी घट का झाली नाही? गाणी फुकट वाटून घेण्याची सोय देणारे नॅपस्टर 1999 मध्ये आले, त्याच वर्षी जगातला ध्वनिमुद्रित संगीताचा धंदा शिखरावर होता. 2014 पर्यंत तो जवळजवळ 40 टक्क्यांनी खाली आला. तरी वॉल्डफोगेल यांनीच दाखवले की त्या काळात चांगले नवे संगीत कमी झाले नाही. कारण गाणे तयार करण्याचा आणि पोचवण्याचा खर्चही तितक्याच वेगाने कोसळला होता. लाखोंच्या स्टुडिओचे काम लॅपटॉपवर होऊ लागले. सिनेमाला अजून कॅमेरा, दिवे, पन्नास माणसांची जेवणे आणि गाड्या लागतात. एकाच रोगाने दोन घरांत वेगळे परिणाम झाले ते यामुळे. पुढे स्ट्रीमिंगने संगीताचा धंदा सावरला, 2023 मध्ये तो 28.6 अब्ज डॉलरवर गेला. अर्थात महागाई धरली तर 1999 ची उंची अजून गाठलेली नाही.

संगीतातले नुकसान कंपनीचे की कलाकाराचे, हाही प्रश्न वेगळा करून विचारावा लागतो. जूली मॉर्टिमर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गाणी फुकट वाटली गेल्याने अल्बमची विक्री घटली, पण मैफलींचे उत्पन्न वाढले, आणि हा फायदा फारशा नाव नसलेल्या कलाकारांना जास्त झाला. आपल्याकडे कॅसेटच्या युगात हे कधीच घडून गेले होते. पीटर मॅन्युएल यांच्या 1993 च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात ते सविस्तर आहे. एचएमव्ही या कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती, तबकड्या महाग, आणि प्रादेशिक भाषांना त्यात जागा थोडी. स्वस्त कॅसेट आली, तिच्याबरोबर चोरट्या प्रती आल्या, आणि कायद्यातल्या एका सवलतीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या आवाजांत गाऊन विकण्याची पद्धतही आली; गुलशन कुमार यांची टी-सिरीज त्यावरच वाढली. एचएमव्हीचे नुकसान झाले यात वाद नाही. पण त्याच लाटेत भक्तिगीते, भीमगीते, कोळीगीते, वगनाट्ये यांच्या कॅसेटी एसटी स्टँडावर मिळू लागल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेड्यापाड्यांत पोचला तो याच मार्गाने. कॅसेट कुणी कॉपी केली तरी गावच्या जत्रेची सुपारी गायकालाच मिळणार होती. हा युक्तिवाद मात्र गायकापुरता. कादंबरीकार किंवा सिनेमाचा संकलक जत्रेत जाऊन काय करील?

कंपन्यांकडे या दुखण्यावर दोन औषधे आहेत, माल सहज आणि स्वस्त देणे किंवा पोलिस बोलावणे. पहिल्याचे ठळक भारतीय उदाहरण मोझर बेअरचे. 2007 मध्ये या कंपनीने सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली, म्हणजे फूटपाथवरच्या चोरट्या डिस्कच्या भावात. खरा माल त्याच किमतीत मिळाल्यावर अडकणारी, मधेच बंद पडणारी डिस्क कोण घेईल? पुढे डिस्कच बाजारातून गेली आणि कंपनीही बुडाली, पण किंमत हे हत्यार चालते हे दिसले. उलट प्रयोग अमेरिकेत झाला. एनबीसी वाहिनीने डिसेंबर 2007 मध्ये आपल्या मालिका आयट्यून्सवरून काढून घेतल्या. त्या मालिकांची चोरी 11 टक्क्यांनी वाढली, आणि डीव्हीडीची विक्री काही वाढली नाही. गिऱ्हाईक दुकान बंद दिसल्यावर दुसऱ्या दुकानात गेले नाही, चोरबाजारात गेले. सुरुवातीला सांगितलेल्या ईवायच्या 'द रॉब रिपोर्ट'मध्येही 64 टक्के लोकांनी सांगितले की जाहिराती सोसून का होईना, पण फुकट मिळत असेल तर आम्ही अधिकृत जागी येऊ. अशा माणसाकडून मिळणारे उत्पन्न जाहिरातीच्या दराने मोजायला हवे, मल्टिप्लेक्सच्या तिकिटाने नव्हे.

दुसरे औषध आपण फार जोरात घोटले आहे. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी 1981 मध्ये केलेल्या कायद्यात 2009 पासून व्हिडिओ पायरेट्सही आहेत. खटला न चालवता वर्षभर आत ठेवता येते. 2023 मध्ये केंद्राने सिनेमॅटोग्राफ कायदा बदलून तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. कडक शिक्षेने काय साधते यापेक्षा, सोय मोडल्याने काय साधते याचा पुरावा चांगला आहे. ब्रिटनमध्ये 2012 साली एकट्या पायरेट बे या चोरट्या साइटवर बंदी घातली तेव्हा काही फरक पडला नाही, लोक शेजारच्या साइटवर गेले. पुढच्या वर्षी 19 साइट एकदम बंद केल्या तेव्हा अधिकृत सेवांचा वापर वाढला. शोधायचा कंटाळा आला की माणूस पैसे देतो.

मराठी सिनेमाचे दुखणे मला आधी न मिळण्याचे वाटते, चोरीचे नंतरचे. प्राइम टाइमचा खेळ मिळत नाही, दुसऱ्या आठवड्यात पडदा जातो, आणि परदेशातल्या मराठी माणसाला महाराष्ट्र मंडळाने एखादा खेळ लावला तर लावला. कित्येक जुने मराठी सिनेमे विकत घ्यायची आज सोयच नाही. कुणीतरी यूट्यूबवर चढवलेली धूसर प्रत हीच काय ती त्यांची हयात. तिथे नुकसानीचा आकडा शून्य लिहावा लागतो.

पुस्तकांकडे पाहिले की नुकसानीचा आकार जास्त नीट दिसतो. फूटपाथवरच्या पथारीवर कोणती पुस्तके असतात ते पाहा. पन्नास आवृत्त्या झालेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या, श्रीमंत होण्याचे मंत्र सांगणारी भाषांतरे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके. कुणा नवख्या कवीच्या पहिल्या संग्रहाची चोरटी प्रत आजवर कुणी छापलेली नाही. चोरटा प्रकाशक धोका घेत नाही. बाजाराने पास केलेलेच तो उचलतो. खऱ्या प्रकाशकाचे गणित नेमके त्या पास झालेल्या पुस्तकांवर चालते. एक धावणारे पुस्तक चार बसून राहणाऱ्यांचा कागद आणि छपाई भागवते. हजार प्रतींची पहिली आवृत्ती खपायला तीन-चार वर्षे लागतात, हे ठाऊक असूनही तो नवा लेखक छापतो ते त्याच्या आधाराने. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फिरणारी पीडीएफ या धावणाऱ्या पुस्तकाला लागते, आणि झळ यादीतल्या शेवटच्या नावाला.

इम्के रायमर्स यांनी 2016 मध्ये इंग्रजी ई-पुस्तकांबद्दल तपासले, तेव्हा चोरट्या प्रती शोधून काढून टाकण्याची सेवा घेतल्यावर विक्री सुमारे 14 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. वाढ मुख्यतः नावाजलेल्या लेखकांची होती. अपरिचितांना फारसा फरक पडला नाही. मराठी प्रकाशकाकडे अशा कामाला ना वकील असतो ना माणूस. तेव्हा टेलिग्राम आणि गूगलला नोटिसा धाडण्याचा खर्च करायचाच असेल, तर तो अख्ख्या यादीवर पसरण्यात अर्थ नाही. त्या वर्षीची दोन-तीन धावणारी पुस्तके निवडावीत आणि पहिले सहा महिने तेवढ्यांच्याच मागे लागावे. बाकीच्या पुस्तकांची पीडीएफ कुणी फिरवलीच, तर त्यांना निदान वाचक तरी मिळेल.